ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॉट

विजेवर चालणारी स्कूटर आता तुमच्या घरी नसली तरी शेजारी नक्कीच असेल. ती विकताना दुकानदार पुष्कळदा सांगतो, ‘हिला लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही, मुलांनी चालवली तरी चालते.’ हे म्हणणे काही गाड्यांच्या बाबतीत खरे आहे आणि काहींच्या बाबतीत साफ खोटे. खरे कोठे आणि खोटे कोठे हे ठरविणारे दोन आकडे नियमांत दिलेले आहेत. ते समजून घेण्यास वकील लागत नाही. नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरते.

आधी पेट्रोलच्या गाड्यांचे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. दुचाकीसाठी एक सवलत आहे. इंजिनाचे घनफळ ५० घन सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर १६ वर्षे पूर्ण झालेल्यास ती चालविता येते. अर्थात परवाना काढूनच, आणि शिकाऊ परवान्यासाठी पालकाची लेखी संमती देऊन. पुण्याच्या कायनेटिक इंजिनियरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली लूना ह्या मापाची होती. मोटर आणि पेडल ह्या दोन शब्दांचा जोड म्हणजे ‘मोपेड’; पेट्रोल संपले की पायडल मारीत घर गाठावे, अशी ती सोय! आज दुकानात दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरी मात्र बहुतेक ११० किंवा १२५ घन सेंटिमीटरच्या असतात. ‘गिअर नाही म्हणजे सोळाव्या वर्षी चालते’ अशी अनेक पालकांची प्रामाणिक समजूत आहे. ती चुकीची आहे. सवलत गिअरवर नाही, घनफळावर आहे.

विजेच्या मोटरला घनफळ नसते, तेथे शक्ती मोजावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या बॅटरीवरील दुचाकीच्या मोटरची ‘तीस मिनिटांची शक्ती’ २५० वॉटपेक्षा कमी आहे आणि जिचा कमाल वेग ताशी २५ कि.मी.पेक्षा कमी आहे, ती मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी व परवाना लागत नाही. मात्र ह्या अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले असले पाहिजे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशांपैकी एक. एक अट मोडली की गाडी मोटार वाहन झाली. मग नंबर, विमा, परवाना, वय सारे ओघाने आलेच. २०२४ मध्ये लूना विजेच्या रूपात परत आली, ती ताशी ५० कि.मी.पर्यंत जाते. नाव जुने असले तरी ती मोटार वाहनच आहे.

‘तीस मिनिटांची शक्ती’ हा शब्दप्रयोग मोठा सूचक आहे. मोटर क्षणभर तिच्या मापापेक्षा जास्त शक्ती देऊ शकते, पण वाढत्या प्रवाहाने तिच्या तारा तापतात. अर्धा तास न थांबता, फाजील न तापता ती जेवढी शक्ती देऊ शकते, तेवढी तिची खरी कुवत.

आता २५० वॉट आणि ताशी २५ कि.मी. ह्यांचे एकमेकांशी काय नाते आहे ते पाहू. गाडी, बॅटरी आणि चालविणारा मिळून १३० किलोग्रॅम वस्तुमान धरा. सपाट रस्त्यावर चाकांच्या लोटण्याला होणारा विरोध सुमारे १५ न्यूटन. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरळ बसलेल्या माणसासाठी ताशी २५ कि.मी. (सेकंदाला ६.९ मी.) वेगाला तो सुमारे १७ न्यूटन येतो. एकूण ३२ न्यूटन. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग : ३२ × ६.९ = सुमारे २२० वॉट. म्हणजे २५० वॉटची मोटर सपाटीवर ह्या वेगाला जेमतेम पुरते. हाच वेग दुप्पट करा. हवेचा विरोध चौपट, सुमारे ७० न्यूटन. एकूण ८५ न्यूटन, वेग सेकंदाला १३.९ मी., आणि शक्ती जवळजवळ १२०० वॉट! वेग दुप्पट हवा तर शक्ती पाचपटीहून जास्त हवी. म्हणून कोणी ‘२५० वॉटची आहे, पण ५० ने पळते’ असे सांगू लागला, तर त्या दोन विधानांपैकी एक खोटे आहे हे तुम्ही कागदावर दाखवून देऊ शकता.

चढावर काय होते? वीस मीटरला एक मीटर असा चढ घ्या. वजनाचा उताराकडे ओढणारा भाग ६४ न्यूटन होतो आणि २५० वॉटमध्ये गाडी ताशी ११ कि.मी.च्या आसपास रेंगाळते. येथूनच लबाडीला सुरुवात होते. मुले कुरकुर करतात, मग कोणी जास्त शक्तीची मोटर बसवितो, तर कोणी नियंत्रकातील वेगाचे बंधन काढून टाकतो. बाहेरून गाडी तीच दिसते, नंबरप्लेटही नसते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते आता विनानोंदणीचे मोटार वाहन असते. आणि तिचे ब्रेक, टायर व सांगाडा मात्र २५ च्याच हिशेबाने बनविलेले असतात. त्या ब्रेकांना आता चौपट गतिज ऊर्जा उष्णतेत बदलावयाची आहे.

ही चौपट रस्त्यावर कशी दिसते? गाडी थांबविण्यास लागणारे अंतर दोन भागांचे असते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. हा पहिला भाग. फूटपट्टी पकडण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. मित्राने सोडलेली पट्टी २० सें.मी. पडल्यावर तुम्ही पकडली तर तुमचा प्रतिक्रियाकाल ०.२ सेकंद. पण तेथे तुम्ही बोटे उघडून पट्टीचीच वाट पाहत असता. रस्त्यावर धोका न सांगता येतो, तो ओळखावा लागतो, हात ब्रेकवर न्यावा लागतो. त्यासाठी १ सेकंद धरणे रास्त होय. दुसरा भाग ब्रेक लागल्यानंतरचा : वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर मंदन ५ मी. प्रति सेकंद वर्ग धरू.

ताशी २५ कि.मी. वेगाला पहिला भाग ६.९ मी., दुसरा ४.८ मी., एकूण सुमारे १२ मी. ताशी ५० ला १३.९ आणि १९.३, एकूण ३३ मी. आता एक प्रश्न, जो मी दरवर्षी वर्गात विचारतो आणि ज्याचे उत्तर दरवर्षी चुकते. एक लहान मूल चेंडूमागे अचानक रस्त्यावर आले. ताशी ४० कि.मी. वेगाने येणारी स्कूटर त्याच्यापाशी अगदी टेकून थांबली. त्याच जागी ती ताशी ५० ने येत असती, तर मुलाला किती वेगाने धडकली असती? बहुतेकजण ‘१० ने’ असे सांगतात.

मांडून पाहा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मी.; थांबण्यास ११.१ + १२.३ = सुमारे २३.५ मी. लागले. ताशी ५० वाल्याचे १३.९ मी. ब्रेक दाबण्याआधीच गेले. उरले ९.६ मी. वेगाचा वर्ग १९३, त्यातून २ × ५ × ९.६ = ९६ वजा, उरले ९७. त्याचे वर्गमूळ सुमारे ९.८. म्हणजे धडक ताशी ३५ कि.मी. वेगाने! पाच मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग तेवढाच असतो. दहाचा फरक वाटेतच पस्तीस झाला, कारण ब्रेक सेकंदागणिक सारखा वेग कमी करीत असले, तरी वेगवान गाडी तेवढ्याच सेकंदात अधिक रस्ता खाते.

हे सारे दोन्ही ब्रेक नीट लागले तर. ब्रेक लागताच गुरुत्वमध्यातून पुढे ढकलणारा परिणाम होतो, पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि मागचे हलके होते. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असल्याने थांबविण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते. ‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील’ हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. केवळ मागचा दाबला तर हलके झालेले चाक लवकर घसरते व अंतर खूप वाढते. दोन्ही एकत्र, दाब हळूहळू वाढवीत लावावेत. वाळूवर, वळणावर किंवा पावसाने ओल्या रस्त्यावर त्याहूनही सावकाश. विजेच्या गाडीची आणखी एक खोड लक्षात ठेवा : मोटर उभ्या स्थितीतच भरपूर पीळ देऊ शकते, त्यामुळे गाडी चालू ठेवून उभे असताना मूठ चुकून फिरली तरी ती झेप घेते. शिवाय तिचा आवाज नाही. पायी चालणाऱ्याला ती आल्याचे कळतच नाही.

हेल्मेटचा हिशेब त्याहून सोपा आहे. उभ्या गाडीवरून नुसते आडवे पडलात तरी डोके सुमारे १.६ मी. उंचीवरून खाली येते. डोक्यावरचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट, तर पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. हेल्मेटमधील थर्मोकोलसारखा थर २.५ सें.मी. चेपला तर १६० भागिले २.५, म्हणजे ६४ पट. उघडे डोके डांबरावर ३ मि.मी.त थांबले असे धरले तर ५०० पटींहून जास्त. ‘गल्लीतच तर जायचे आहे’ ह्या सबबीला ह्या गणितात जागाच नाही, कारण त्यात गाडीचा वेग कोठेच येत नाही. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट बदलावे. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याच्या आधी निघून जाते. विकत घेताना आय.एस.आय. चिन्ह व ४१५१ हा मानक क्रमांक पाहावा. मोटार सायकलवर चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते कायद्याने बंधनकारक आहे.

परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. दहावीतल्या मुलाने हा शेवटचा काळ मोजून पाहावा : पदवी, नोकरीची पहिली वर्षे, सारे त्यात येते.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. पावसाने रस्ता ओला झाला आणि मंदन निम्मे, म्हणजे २.५ मी. प्रति सेकंद वर्ग झाले. ताशी ४० वाला थांबतो तेथे ताशी ५० वाला किती वेगाने धडकेल? आणि ताशी ६० वाला? आधी अंदाज कागदावर लिहा, मग गणित करा.