संगणकातील फाइलींची नावे : काही दक्षता

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. अशा गावनावांनी संगणकावर अभिलेख ठेवले असता, लिनक्स प्रणालीत आज्ञा टंकून काम करणाऱ्याने कोणती दक्षता घ्यावी, याचा येथे विचार करू.

एका फोल्डरमध्ये ‘कारंजा’ आणि ‘कारंजा लाड’ अशा दोन फाइली आहेत असे समजा. दुसरी काढण्यासाठी ‘आरएम’ या आज्ञेपुढे कारंजा लाड एवढेच टंकले, तर मोकळ्या जागेपाशी नावाचे दोन तुकडे होतात. ‘लाड’ नावाची फाइल सापडत नाही. जी राखावयाची ती ‘कारंजा’ मात्र नष्ट होते. ती कचरापेटीतही जात नाही. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घातल्यास हा अनर्थ टळतो.

पडद्यावर दिसते तेच नाव, असेही मानू नये. फाइलींची यादी देणारी जीएनयूची ‘एलएस’ ही आज्ञा २०१६ मधील ८.२५ या आवृत्तीपासून मोकळी जागा असलेले नाव पडद्यावर अवतरणचिन्हांत दाखविते. ही चिन्हे नावाचा भाग नव्हेत. यादी दुसऱ्या आज्ञेकडे पाठविली असता ती उमटत नाहीत. ‘गिट’ हे साधन तर ‘वाशिम’मधील ‘व’ हे अक्षर ‘\३४०\२४४\२६५’ असे दाखविते. युटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. त्या बाइटांचे हे अष्टमान अंक होत. फाइल बिघडलेली नसते. ‘कोअर.कोटपाथ’ या मांडणीस ‘फॉल्स’ हे मूल्य दिल्यास नाव मराठीत दिसते.

लिनक्समध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढेच वर्ज्य आहे. नवी ओळदेखील नावात येऊ शकते. म्हणून अनेक फाइलींवर एकदम काम करताना ‘फाइंड’ला ‘-प्रिंट०’ आणि ‘झार्ग्ज’ला ‘-०’ हा पर्याय द्यावा. मग नावे शून्य बाइटानेच विलग होतात व एकही नाव मध्ये तुटत नाही.

नवी नावे देताना मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा वापरावी. ईएक्सटी-४ पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे असते; काना, मात्रा व वेलांटीही त्यांत मोजली जातात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असो वा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, काढून टाकण्याची आज्ञा देण्यापूर्वी तीच नावे एकदा केवळ यादीरूपाने पाहावीत. एवढ्या सवयीने गावाचा दस्तऐवज सुरक्षित राहील.