जुनी मोटार : कमी भावाची आणि खरोखर स्वस्त

आपल्या वाचकांत छोटे दुकानदार, शिक्षक, फळांचे व शेतमालाचे व्यापारी बरेच आहेत. घरात वृद्ध आईवडील, दवाखान्याच्या फेऱ्या, लग्नसमारंभ, आठवड्याचा बाजार, या सगळ्यांसाठी चारचाकीची गरज आता चैनीची राहिलेली नाही. नवीन गाडी रोखीने घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते आणि कर्ज काढून घ्यावी तर व्याजाचा फास गळ्यात पडतो. म्हणून साठवलेल्या पैशातून जुनी गाडी घेण्याकडे लोकांचा कल असतो. हा मार्ग उत्तम आहे. मात्र वर्षानुवर्षे जमवलेले दोन-तीन लाख रुपये एका दुपारी देऊन टाकायचे असतात. तेव्हा कमी भावाची गाडी आणि खरोखर स्वस्त गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रथम भावाचा विचार करू. जुन्या गाडीची किंमत नेहमी त्याच किंवा तशाच नव्या गाडीच्या आजच्या किमतीवरून ठरवावी. मालकाने ती केव्हा कितीला घेतली होती यावरून नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला व त्यावरचा उपकरही गेला. त्यापूर्वी गाडी घेतलेला मालक आपल्या जुन्या बिलाचा आकडा मनात धरून बसलेला असतो. आपण त्याला नम्रपणे आजचा आकडा दाखवावा. दुसरा आधार विम्याचा. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना पहिल्या वर्षाच्या अखेरीस १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. हा काही बाजारभाव नव्हे. चांगली चालणारी गाडी त्याहून जास्तीला जाते, पडून राहणारी कमीला. पण बोलणी कोठून सुरू करावी हे त्यावरून कळते. पॉलिसीवर तो आकडा छापलेलाच असतो.

दलालाकडची गाडी घरच्या मालकाच्या गाडीपेक्षा महाग का, याचेही उत्तर हिशेबात आहे. नोंदणीकृत विक्रेत्याला आपल्या नफ्याच्या रकमेवर जीएसटी भरावा लागतो. डिसेंबर २०२४ च्या बैठकीत हा दर सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के असा एकच ठरला. एका गृहस्थाने दुसऱ्याला आपली गाडी विकली तर हा कर लागत नाही. म्हणून ओळखीपाळखीतून, सोसायटीतून, शाळेच्या स्टाफरूममधून मिळालेली गाडी बहुधा परवडते. दलालाकडूनच घ्यायची झाल्यास त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी अशी तरतूद झाली आहे. अधिकृत व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याची सूचना आरटीओला दिली की विकली जाईपर्यंत तोच मालक समजला जातो. मग जबाबदारी कोणाची, हा वाद उरत नाही.

स्वस्ताई कोठे सापडते

चांगला सौदा मिळण्याचे खरे कारण गाडीत नसते, विकणाऱ्याच्या गरजेत असते. बदली झालेला नोकरदार, परदेशी निघालेले कुटुंब, नवी गाडी दारात येऊन उभी राहिल्यामुळे जागा रिकामी करू पाहणारा मालक, हे लोक घासाघीस करत बसत नाहीत. दसरा-दिवाळीच्या आधी नव्या गाड्यांची नोंदणी जोरात असते, त्यामुळे जुन्या गाड्या बाजारात येतात. त्याच सुमारास पितृपक्षाचा पंधरवडा असतो. त्यात आपले बरेच हिंदू बांधव वाहन खरेदी टाळतात. गिऱ्हाईक कमी आणि माल पुष्कळ, अशा दिवसांत जो पैसे तयार ठेवून जातो त्याचे ऐकले जाते. डिसेंबरच्या अखेरीसही असेच होते, कारण १ जानेवारी उजाडली की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते.

गाडीच्या जातीवरूनही फरक पडतो. छोटी पेट्रोल गाडी सर्वांनाच हवी असते, म्हणून तिचा भाव लवकर पडत नाही. तीच कंपनी, तेच वर्ष, पण मागे डिकी असलेली सेडान घेतली तर बऱ्याचदा त्याच पैशात मोठी गाडी मिळते. बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्यांचा भाव तर फारच खाली येतो. शेवरोलेची विक्री भारतात २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने उत्पादन बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली. या गाड्या घेऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र आपल्या गावातल्या मेकॅनिकला त्या गाडीचा हात आहे काय आणि तिचे सुटे भाग त्याला कोठून मिळतात, हे सौद्याच्या आधी विचारावे. मुंबईच्या माणसाला कुर्ल्याला जाऊन भाग शोधता येतो. किनवटच्या किंवा सेलूच्या माणसाची गाडी एका सेन्सरसाठी महिनाभर उभी राहू शकते.

आता दिल्ली पासिंगच्या गाड्यांविषयी, कारण मराठवाडा-विदर्भात याचा मोह फार आहे. दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बंदी कायम केली. २०२५ साली कारवाईबाबत काही सवलत मिळाली. तरी वय होत आलेली गाडी बाहेरच्या राज्यात काढून टाकण्याची प्रथा पडली ती पडलीच. गाडी दिसायला सुरेख, भाव इकडच्यापेक्षा बराच कमी. पण तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, गाडी आणण्याचा खर्च, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नवा नंबर, हे सर्व मिळवून बेरीज करावी. बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवायची तर येथील नोंदणी घ्यावीच लागते. ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याखेरीज पैसे देणे म्हणजे अंगणात शोभेची वस्तू आणून ठेवणे होय.

बँका व फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव हे दुसरे आकर्षण. तेथे गाडी ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते. यार्डात उभी असलेली गाडी पाहता येते, पण चालवून पाहता येईलच असे नाही. अनामत रक्कम आधी भरावी लागते. थकलेले चलान, संपलेला विमा, हरवलेली चावी हे सारे खरेदीदाराच्या माथी. ज्याचा भाऊ किंवा मेहुणा स्वतः गॅरेजवाला आहे त्याने तेथे जावे. इतरांनी दुरूनच पाहिलेले बरे.

गाडी तपासताना

गाडी पाहायला दिवसाउजेडी आणि सकाळी जावे. मालकाला फोनवर सांगावे की इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन आपला दोष लपवत नाही. सुरू करताच निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर शीतकाचे पाणी आत जात असण्याचा संभव आहे. ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूस दुधट साय दिसते का, हेही पाहावे.

मीटर मागे फिरवणे हा या धंद्यातला जुना रोग आहे, आणि डिजिटल मीटर आल्याने तो बरा झालेला नाही. त्यावर एक साधा उपाय सांगतो. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची, मीटरवर २८ हजार किलोमीटर, आणि चारही टायर २०२१ चे असतील तर पहिले टायर इतक्या लवकर कसे संपले, असे विचारावे. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, चालकाच्या सीटचा दबलेला काठ हेही साक्षीदार आहेत. शिवाय अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत नेले तर मागच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी बहुधा पाहायला मिळतात.

पूर आलेल्या गाडीबद्दल आम्ही थोडे अधिक लिहितो, कारण हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि एका पावसाळ्यानंतर उघडे पडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे हजारो वाहने पाण्यात गेली. अशा गाड्या धुऊन-पुसून, पॉलिश करून दूरच्या जिल्ह्यात विकल्या जातात. त्या त्या साली त्या भागात नोंद असलेली गाडी असेल तर विशेष सावध राहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. आतल्या टोकाला चिखलाची रेषा असते, कारण तेथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. पायाखालचा गालिचा उचलून पत्रा पाहावा. सीटच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या आत बसलेला गाळ, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातली माती आणि काचा बंद करून दहा मिनिटे बसल्यावर येणारा कुबट वास यांवर लक्ष ठेवावे. गाडीत अत्तराचा वास फारच दरवळत असेल तर तोही एक इशारा समजावा!

टूर-ट्रॅव्हल्समध्ये धावलेल्या गाड्या पिवळी पाटी काढून पांढरी लावून विकल्या जातात. कागदोपत्री बदल झाला असेल तर त्यात बेकायदा काही नाही, पण भाव त्या धावपळीचा हवा. सीएनजी असल्यास किट आरसीवर चढवलेले असावे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली असावी. एरवी विश्वासू मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये मेहनताना देऊन गाडी लिफ्टवर चढवून दाखवावी. दोन-तीन लाखांच्या खरेदीत एवढा खर्च काढताना हात आखडणारे लोक पाहून आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते.

हिशेब आणि कागद

समजा, एक गाडी तीन लाखांना मिळते आहे. टायर १८ हजार, बॅटरी ५ हजार, क्लच ९ हजार, सस्पेन्शनचे काम ८ हजार आणि संपलेला विमा ९ हजार. ती घरात पडली ३ लाख ४९ हजारांना. शेजारची गाडी ३ लाख ३५ हजारांची, पण तिला फक्त ऑइल-फिल्टरचे ४ हजार लागणार आहेत, म्हणजे ३ लाख ३९ हजार. ‘महाग’ गाडी दहा हजारांनी स्वस्त निघाली, आणि गॅरेजच्या फेऱ्या वाचल्या त्या वेगळ्याच. याच हिशेबात नोंदणीचे वयही धरावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण करही असतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती यामुळेच.

कागदांत सर्वात आधी आरसी पाहावी आणि त्यावरील चासी व इंजिन नंबर स्वतः खाली वाकून गाडीवरच्या नंबरशी ताडावे. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा आजूबाजूचा पत्रा जोडलेला दिसला तर तेथून उठून यावे. अपघातात पूर्ण निकामी ठरलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत. परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीत नंबर टाकला की विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. दंडाचे ई-चलान वेगळे तपासावे. बोजा असेल तर बँकेचे ना-देय पत्र आणि फॉर्म ३५ दोन्ही हवेत. ‘कर्ज फिटले आहे, पत्र नंतर देतो’ या वाक्यावर विसारही देऊ नये. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी बसली आहे का, हेही पाहावे, नाहीतर आरटीओत नाव बदलण्याचे काम अडते.

विक्रीनंतर फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या होतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असे कायद्याचे कलम ५० सांगते. आपल्याकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन वर्षभर तशीच गाडी फिरवण्याची सवय आहे. यात विकणारा तर फसतोच. २००७ साली विकलेली एक गाडी नाव न बदलता पुढे अनेक हातांतून गेली, २००९ मध्ये तिचा अपघात झाला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर ठेवली. घेणाराही सुटत नाही. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा चौदा दिवसांत अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. तो केला नाही आणि गाडी झाडावर आदळली, तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते. तीन लाखांची गाडी भंगारात जाते. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ही आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याजवळच राहतो. त्यामुळे हप्ता वाढेल, हे आधीच धरून ठेवावे.

रोखीने व्यवहार करणाऱ्यांसाठी एक सूचना. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पैसे बँकेतून द्यावेत. विसाराची पावती घ्यावी व त्यावर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि ‘बोजा किंवा चोरीचा दोष निघाल्यास विसार परत’ हे शब्द लिहून घ्यावेत. गाडी ताब्यात घेताना तारखेसोबत वेळही लिहावी. त्या वेळेपर्यंतचे चलान त्याचे, पुढचे आपले. दुसरी चावी मागून घ्यावी आणि काचेवरचा जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्यासमोरच काढून टाकावा.