पद्मिनीचा पेट्रोल पाइप: छोटं काम, मोठी जबाबदारी



मागच्या व्हिडिओत जुन्या गाड्यांच्या कामात धंदा कसा उभा राहतो ते बघितलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, सुरुवात कोणत्या कामापासून करू?" माझं उत्तर ऐकून काही जण हसतील. इंजिनवरच्या पेट्रोल पाइपपासून करा. हातभर लांबीचं काम आहे. ते नीट जमलं तर गिऱ्हाईक पुढे अख्खी गाडी तुमच्या ताब्यात देतं. चुकलं तर गाडीच जळून जाऊ शकते. व्हिडिओत हात दिसतात, त्यामागचा विचार आणि हिशेब दिसत नाही. तो इथे लिहितोय. वही घ्या.

आधी माझी चूक

कोल्हापुरात दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं. एका निवृत्त शिक्षकांची प्रीमियर पद्मिनी आली. पंपापासून कार्बुरेटरपर्यंतचा मूळ लोखंडी पाइप गंजला होता. मी फ्रीज-एसीचं सामान मिळतं तिथून कॉपर ट्यूब आणली, हातानेच वाकवली आणि बसवून टाकली. काय चकचकीत दिसत होती! सर खूश, मी पण खूश.

दोन महिन्यांनी रात्री फोन. "अरे, गाडीत पेट्रोलचा वास येतोय."

"सर, इंजिन बंद करा, सगळे खाली उतरा. परत चावी फिरवू नका. मी येतो."

जाऊन बघितलं तर नटाच्या मागे केसासारखी चीर होती आणि पेट्रोल थेंब थेंब गरम इंजिनवर पडत होतं. पेटलं नाही हे नशीब. त्यात माझं कौशल्य काही नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पाइप फुकट बदलून दिला आणि चूक कबूल केली. पण तो रात्रीचा फोन अजून विसरलेलो नाही.

चुका तीन होत्या. एक, तांबं सततच्या थरथरीने कडक पडतं आणि चिरतं. दोन, पाइपला मध्ये कुठेच आधार दिला नव्हता. तीन, बाक नीट जुळत नव्हता म्हणून पाइप ओढून नट लावला होता. असा ताणात बसवलेला पाइप आज ना उद्या तुटणारच.

कडक पाइप कुठे, रबर कुठे?

हा नियम पाठ करा: ज्या दोन गोष्टी एकत्र हलतात, त्यांच्यामध्येच कडक पाइप.

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. रेस दिली की ते बॉडीच्या तुलनेत हलतं. पेट्रोल पंप आणि कार्बुरेटर दोन्ही इंजिनवरच आहेत, दोन्ही सोबत हलतात, म्हणून त्यांच्यामध्ये कडक पाइप चालतो. टाकीकडून येणारा पाइप मात्र बॉडीला बांधलेला असतो. तो जिथे इंजिनकडे येतो तिथे रबर होजचा तुकडा पाहिजेच. तिथे कडक पाइप टाकला तर तो रोज थोडा थोडा वाकेल आणि एक दिवस तुटेल.

कोणता पाइप निवडायचा?

*तांबं:* वाकवायला सोपं, सगळीकडे मिळतं. पण वर सांगितलं तसं चिरतं. माझ्या दुकानात पेट्रोलसाठी बंद.

*साधं स्टील:* मजबूत. बहुतेक जुन्या गाड्यांना मूळ हेच होतं. पण गंजतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर स्टील आतूनही गंजू शकतं.

*स्टेनलेस स्टील:* गंजाची काळजी जवळजवळ नाही. पण वाकवायला आणि तोंड फुलवायला (फ्लेअर करायला) कठीण. चांगली हत्यारं नसतील तर नवीन माणसाने हात लावू नये.

*कॉपर-निकेल:* तांब्यात साधारण १० टक्के निकेल. तांब्यासारखं वाकतं, थरथर तांब्यापेक्षा जास्त सोसतं, गंजत नाही. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, पण शिकणाऱ्यासाठी हेच बरं.

जोडाच्या रबर होजवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या. तो होज इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकतो. जुना रबर आतून फुगतो, मऊ पडतो, त्याचे कण कार्बुरेटरच्या जेटमध्ये अडकतात. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंजिनजवळ कधीच नको.

माप डोळ्याने घेऊ नका

व्हर्नियर वापरा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, म्हणजे जवळजवळ ८ मिमी. पण १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी. त्याला ६ मिमीचं फिटिंग "बसतंय की" म्हणून लावलं तर जोड गळणार. पंपाच्या आणि कार्बुरेटरच्या तोंडाला आट्याचा नट आहे की होज चढवायची नळी, हेही खरेदीच्या आधीच बघा. जुन्या गाडीत आधीच्या मेकॅनिकने काय बदललंय ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. जुना पाइप काम संपेपर्यंत फेकू नका.

बसवायची पद्धत

१. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. दारं उघडी, अग्निशामक हाताशी, विडी-सिगारेट आणि वेल्डिंग लांब. गळणारं पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घ्या.

२. आधी जाड तारेचा नमुना करा. तार पंपापासून कार्बुरेटरपर्यंत वाकवून बघा. एक्झॉस्टपासून शक्य तितकं लांब जा, नाहीतर पेट्रोल पाइपमध्येच उकळतं आणि उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडते. फॅन, बेल्ट आणि ॲक्सिलरेटरच्या लिंकेजपासूनही अंतर ठेवा.

३. पाइप ट्यूब कटरने कापा. हॅकसॉने कडा वाकडी होते आणि बुरा आत जातो. आतली कड साफ करा.

४. बेंडरनेच वाकवा. बाकाची त्रिज्या पाइपच्या जाडीच्या तिप्पट तरी ठेवा. पाइप चेपला तर तो तुकडा बाद, सरळ करत बसू नका.

५. तोंड फुलवायच्या आधी नट पाइपवर चढवा. हसू नका, प्रत्येकजण एकदा तरी विसरतो. होज चढवायचा असेल तर पाइपच्या टोकाला गोल उंचवटा काढा, म्हणजे होज निसटत नाही.

६. पाइप आतून धुऊन हवेने फुंका. धातूचा एक कण जेट बंद करायला पुरतो.

७. नट हाताने फिरला पाहिजे. हाताने लागत नसेल तर बाक चुकलाय. पाना लावून ओढू नका, परत वाकवा. फ्लेअरच्या जोडाला टेफ्लॉन टेप नको. तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं, टेपचे तुकडे मात्र आत जातात.

८. मध्ये रबर लावलेली पी-क्लिप टाका.

तपासणी

इंजिन चालू करा, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसलेला ओलावा टिश्यूवर दिसतो. १५ मिनिटं चालवून गरम झाल्यावर परत बघा, हात मात्र एक्झॉस्टपासून जपा. मग गाडी थंड करून तिसऱ्यांदा. गिऱ्हाइकाला १०० किलोमीटरनंतर परत बोलवा. हे फुकट नाही, बिलात आधीच धरलेलं आहे.

आता हिशेब

नवीन उद्योजक इथेच फसतो. "पाइप ४०० चा, मजुरी १०० घेतो." समजा सामान ६०० रुपये. वेळ तीन तास, तासाचा दर ४०० धरला तर १२००. साफसफाई आणि किरकोळ १५०. १०० किलोमीटरनंतरची तपासणी २००. झाले २१५०. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे दर टाका. मुद्दा एवढाच की यात सामानापेक्षा मजुरीच जास्त आहे. गिऱ्हाईक तुमच्या काळजीचे पैसे देतंय. तो वेळ बिलात धरला नाही, तर घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तपासणीच गाळली जाते.

गिऱ्हाईक म्हणेल, "समोरचा ५०० मध्ये करून देतो." वाद घालू नका. जुना चिरलेला पाइप दुकानात ठेवा आणि हातात द्या. माझ्या काउंटरवर सरांच्या गाडीतला तो तुकडा आजही आहे. तरीही ते तांबंच लावा म्हणाले तर नम्रपणे सांगा, "काका, हे काम माझ्याकडून होणार नाही." एक बिल गेलं तर चालेल. रात्रीचा तो फोन परत नको.

आणि हो, सर अजून माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी त्यांनी अख्खं इंजिन उघडायला दिलं.

गृहपाठ: या आठवड्यात तुमच्या धंद्यातलं असं एक छोटं काम शोधा, जे चुकलं तर मोठं नुकसान होईल. त्याच्या पायऱ्या कागदावर लिहा, शेवटची पायरी तपासणीची ठेवा आणि तिचे पैसे बिलात धरा. कागद भिंतीवर लावा. पुढच्या भागात याच कागदावरून हाताखालच्या पोराला काम कसं शिकवायचं ते बघू.