गंगापूर रोडवर मित्राकडे उतरताना : फुकटच्या मुक्कामाचा हिशोब

मागच्या हिवाळ्यात कोल्हापूरचा कॉलेजमित्र सहकुटुंब आमच्याकडे आला. नाशिक रोड स्टेशनवर उतरला, समोर दिसली त्या रिक्षात बसला आणि आमच्या दारात पोचल्यावर पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी म्हणाला, "पाचशे घेतले की रे त्यानं! स्टेशन कुठं आणि तू राहतोस कुठं!" चूक त्याची नव्हती. फोनवर मी "ये रे, घरच आहे, खर्च कसला" एवढं मोठ्या तोंडानं सांगितलं होतं. स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूर रोड दुसऱ्या, हे सांगायचं राहून गेलं. तीन दिवसांत त्याचे रिक्षावर जेवढे पैसे गेले, तेवढ्यात सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, साध्या लॉजवर एक रात्र निघाली असती.

तेव्हापासून येणाऱ्या पाहुण्याला मी हिशोब आधीच सांगतो. आकडे अदमासे धरा. एसटीचं भाडं आणि लेण्यांचं तिकीट ठरलेलं असतं, बाकीचे दर हंगामावर आणि तुमच्या घासाघिशीवर हलतात.

स्टेशन की स्टँड?

मुंबईहून येणाऱ्याला रेल्वेच स्वस्त. सीएसएमटी ते नाशिक रोड हे सुमारे १८७ किलोमीटरचं अंतर सेकंड सीटिंगनं शंभर-सव्वाशे रुपयांत होतं. पाहुण्याला सोयीची गाडी तपोवन : सकाळी सहाच्या पुढे सुटते, दहाच्या सुमारास नाशिक रोडला टेकवते आणि परतीला संध्याकाळी मिळते. पंचवटी ही मुळात आम्हा नाशिककरांची, सकाळी मुंबईला नेणारी आणि रात्री घरी आणणारी. तिच्यानं आलात तर रात्रीचे पावणेदहा-दहा वाजतात, आणि तेव्हा स्टेशनबाहेर भाव रिक्षावाला ठरवतो. पासधारकांच्या डब्यात चुकून शिरू नका, उभ्यानं याल.

स्टेशन ते सीबीएस नऊ-दहा किलोमीटर, तिथून गंगापूर रोडवरचं तुमच्या मित्राचं घर आणखी दोन ते सहा. स्टेशनबाहेरून सिटीलिंकची शहर बस मिळते. ही महापालिकेची सेवा जुलै २०२१ पासून सुरू आहे. सीबीएसपर्यंत माणशी पंचवीस-तीस रुपये, पुढे गंगापूर रोडची दुसरी बस. शालिमारपर्यंत शेअर रिक्षाही असतात, पण ती सीट म्हणजे मांडीवर बॅग आणि बॅगेवर हनुवटी. सामान जास्त असेल तर ॲपवरची टॅक्सी करा, अडीचशे ते साडेतीनशे पडतात. रिक्षाला मीटर असतो, पण तो टाकला जाईल या भरवशावर बसू नका. भाडं ठरवूनच पाय आत टाका.

आणखी एक. रिक्षावाल्याला नुसतं "गंगापूर रोड" सांगायचं नाही. हा रस्ता अशोकस्तंभाला सुरू होतो आणि शहर संपलं तरी गंगापूर गावाकडे, धरणाकडे चालतच राहतो. नुसतं नाव घेतलंत की समोरचा लांबचं टोक धरून भाव सांगणार. मॅरेथॉन चौक, विद्याविकास सर्कल, आकाशवाणी टॉवर, जेहान सर्कल, सोमेश्वर यांतली खूण मित्राकडून आधी विचारून घ्या. एवढ्यानं पन्नास-शंभर वाचतात.

पुण्याहून मात्र सरळ एसटीनं या. माझ्या मते मित्राकडे गंगापूर रोडला यायचं तर मुंबईकरानंही एसटीचा विचार करावा, कारण ठक्कर बाजार आणि जुनं सीबीएस या दोन्ही स्थानकांपासून अशोकस्तंभ पायी पंधरा मिनिटांवर आहे. फक्त मुंबईच्या पुष्कळ गाड्या मुंबई नाक्याच्या महामार्ग स्थानकातच थांबतात, ते वाहकाला विचारून घ्या. साध्या एसटीचं भाडं घरबसल्या काढता येतं : जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपये आणि वर थोडे पैसे. पुणे-नाशिक सुमारे २१० किलोमीटर, म्हणजे साडेतीनशेच्या आगेमागे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, पंचाहत्तरच्या पुढे मोफत, फक्त ओळखपत्र जवळ हवं. सासूबाई, सून आणि आजोबा असे तिघं आले तर दीड तिकिटाच्या वर लागत नाही. शहर बसमध्ये हीच सवलत असेल असं गृहीत धरू नका.

एक दिवस रस्त्याचाच

नाशिकला आलेला माणूस पहिल्याच सकाळी पंचवटीकडे धावतो. माझं म्हणणं, ज्या रस्त्यावर उतरलात तोच आधी बघा. बसच्या दहा-वीस रुपयांत दिवस जातो.

आनंदवल्लीला नदीकाठी नवश्या गणपती आहे. आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलेलं. दोघांचा मुक्काम इथे असायचा. पुढे सोमेश्वराचं देऊळ आणि त्याच्यापुढे धबधबा. श्रावण-भाद्रपदात तो बघण्यासारखा असतो, एप्रिलमध्ये खडक बघायचा असेल तर जरूर जा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलेलं असेल तर कठड्याच्या अलीकडेच थांबा. गंगापूर धरणाकडे स्वतःचं वाहन असल्याशिवाय जाऊ नका. बोट क्लबचं पाणी सुंदर आहे, पण येताना रिक्षा मिळत नाही आणि मिळाली की जाऊन-येऊन भाडं मागते. संध्याकाळी विद्याविकास सर्कलजवळच्या कुसुमाग्रज स्मारकात कुठला कार्यक्रम आहे ते बघा. कुसुमाग्रजांच्या, म्हणजे तात्यासाहेबांच्या गावात येऊन एखादं व्याख्यान ऐकून गेलात तर बिघडत नाही.

वायनरीचं काय, हा तरुण पाहुण्यांचा पहिला प्रश्न. सुला १९९९ पासून याच बाजूला, गोवर्धन शिवारात आहे, शेजारी सोमा आणि यॉर्कही आहेत. खिसा इथे हलका होतो : टेस्टिंगचे पैसे वेगळे, खाण्याचे वेगळे आणि अंधार पडल्यावर परतीच्या टॅक्सीचे सगळ्यांत वेगळे. मित्राची दुचाकी घेऊन जायचं तर जो चालवणार त्यानं प्यायची नाही, हे निघायच्या आधी ठरवा. पैसे मोजून यायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, उजेडात परत फिरा. आणि दारूत रस नसेल तर "नाशिकला आलो म्हणून" जायची काही गरज नाही.

गंगेवर आणि गावात

गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतो. गंगेवर जायचं तर अशोकस्तंभाहून रविवार कारंजा, तिथून खाली पायी. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, नारोशंकराचं देऊळ हे सगळं चालत होतं. रामकुंडाजवळ "नाशिक दर्शन, दहा ठिकाणं" म्हणून रिक्षावाले मागे लागतात. यादी नीट ऐका. निम्मी ठिकाणं तुम्ही उभे आहात तिथून दिसत असतात. तपोवन तेवढं लांब, तिथपर्यंत रिक्षा ठीक. पूजा सांगायची असेल तर दक्षिणा संकल्पाच्या आधी ठरवा. संकल्प सोडताना "यथाशक्ती" हा शब्द फार ताणला जातो.

काळारामाच्या देवळाला तिकीट नाही. आत दर्शन झाल्यावर दरवाज्याशी पाच मिनिटं थांबा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू केला. नारोशंकराच्या देवळावरची घंटा वसईच्या विजयाची. बुधवार असेल तर गंगेवरचा बाजार चुकवू नका. त्या दिवशी भाजीपासून फडताळापर्यंत काहीही मिळतं आणि बघायला पैसे लागत नाहीत. येताना भांडी बाजारातून तांब्याचा एखादा लहान तांब्या घ्या, वजनावर भाव ठरतो.

पांडवलेणी मुंबई हायवेला. तिकीट पंचवीस रुपये, ऑनलाइन काढलंत तर वीस, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्यात गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा लेख आहे. घाईत असाल तर ते एक आणि दहावं एवढं बघा. पायऱ्या उन्हाच्या आधी चढा. पायथ्याला फाळके स्मारक आहे, म्हणजे रिक्षाचे पैसे एकदाच पडतात.

त्र्यंबकेश्वरला जुन्या सीबीएसवरून एसटी, शिवाय सिटीलिंकही जाते. तीस किलोमीटरच्या आतलं अंतर, पन्नासच्या आसपास तिकीट. सोमवारी, त्यातही श्रावणातल्या सोमवारी गेलात तर दिवस रांगेत जाईल. दोनशे रुपयांचा देणगी दर्शनाचा पास असतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर घ्या, धडधाकट माणसानं मंगळवार-बुधवारी सकाळी सातला पोचावं आणि दोनशे रुपये ठेवून घ्यावेत.

मिसळ, आणि यजमानाचं जेवण

मिसळीवरून इथे भांडणं होतात, म्हणून एकच नाव देतो. गंगापूर रोडला उतरलेल्याला जवळची म्हणजे बारदान फाट्याची 'साधना', चुलीवरची. रविवारी सकाळी नऊनंतर गेलात तर रांगेत भूक आणखी लागेल. गावातली साधी मिसळ शंभरीच्या आत-बाहेर, मळ्यातली, चुलीवरची त्याहून महाग. रस्सा पुन्हा मिळतो, पावांचं आधी विचारा. गावात फिरताना सायंताराचा साबुदाणा वडा आणि बुधा हलवाईची जिलेबी एवढ्यावर दुपार निघते. घरी नेण्यासाठी कोंडाजीचा चिवडा. द्राक्षं हवी असतील तर जानेवारी ते मार्च या काळातच या.

आता ज्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही तो. मी यजमान म्हणून बोलतोय, म्हणून जरा स्पष्ट. मित्राकडचा मुक्काम फुकट नसतो. त्याचे पैसे कोणीतरी देत असतं. जादा दूध, भाजी, गॅस, सुट्टी टाकून वाया गेलेला दिवस आणि वहिनींनी सकाळी सहाला उठून केलेले पोहे. ते रोख देता येत नाही आणि देऊही नये, घरातलं माणूस दुखावेल. पण वाचलेल्या लॉजच्या भाड्यातला निम्मा भाग या घरावर खर्च करायचा, असा नियम मी स्वतः पाहुणा असताना पाळतो. एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बाहेर जेवायला न्या, आणि बिल यायच्या आधी काउंटरवर जाऊन देऊन या, नाहीतर टेबलावर कुस्ती होते. दुचाकी वापरलीत तर टाकी भरून परत करा. येताना मिठाईचा बॉक्स आणू नका, इथे मिठाईला तोटा नाही. तुमच्या गावचं काही आणा. कोल्हापूरकरानं आणलेला कांदा-लसूण मसाला आमच्याकडे सहा महिने पुरला. बाहेर जेवून येणार असाल तर दुपारीच कळवा. फुकट गेलेल्या स्वयंपाकाइतकं महाग काही नसतं.

आता बेरीज. मुंबईचं जोडपं, दोन रात्री, तीन दिवस. रेल्वे जाऊन-येऊन साडेचारशे. येताना टॅक्सी, जाताना बस मिळून साडेतीनशे. शहरात बस-रिक्षा पाचशे. त्र्यंबक दोनशे, त्यात वहिनींचं एसटीचं अर्धं तिकीट धरलंय. बाहेरचं खाणं सातशे, लेणी पन्नास. इथवर सव्वादोन हजार. यजमानाच्या घरच्यांना बाहेरचं एक जेवण आणि भेट मिळून चौदाशे, घरी न्यायचा चिवडा वगैरे साडेतीनशे. झाले चार हजार. वायनरी यात नाही. लॉजवर उतरला असतात तर दोन रात्रींचे अडीच-तीन हजार वर गेले असते. निम्मे यजमानाकडे वळवूनही तुमचे हजार-दीड हजार वाचले.

हा हिशोब सिंहस्थात चालणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि मुख्य स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, ११ सप्टेंबर २०२७ ला; त्र्यंबकला शेवटचं १२ सप्टेंबरला. त्या दिवसांत रस्ते अडवलेले असतील, भाडी वाटेल तशी असतील आणि तुमच्या मित्राच्या घरात तुमच्याआधी चार नातेवाईक उतरलेले असतील. स्नानासाठीच यायचं असेल तर या, पण फिरायला म्हणून त्या दोन महिन्यांत नको. डिसेंबर-जानेवारीत या, पांघरूण आमच्याकडे आहे, स्वेटर तुमचा तुम्ही आणा.

आणि पंचवटीनं रात्री येणार असाल तर जेवणार की जेवून येणार, ते गाडी इगतपुरी सोडायच्या आत फोन करून सांगा.