आजारी जोडीदार आणि आपली स्वतःची तब्येत



एरवी या पानावर आम्ही लागण, बेणेप्रक्रिया, खतमात्रा, खोडवा असे विषय घेतो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण शेतीला सोडून नाही. शेतकी विभागाची माणसं ऊसनोंदीला आणि प्लॉट पाहणीला गावोगाव फिरतात. भरणी का राहिली, दुसरा हप्ता का पडला नाही, असं विचारलं की पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "घरात आजारपण आहे हो साहेब." आजारी माणसाची विचारपूस सगळा गाव करतो. त्याला सांभाळणाऱ्याची कोणी करत नाही आणि तो स्वतःही करत नाही. नवरा आजारी असेल तर बायको, बायको आजारी असेल तर नवरा, वर्षानुवर्षे राबत राहतो. त्यात आजारी माणूस चिडका, संशयी किंवा हट्टी झाला असेल तर घरात दुष्काळात तेरावा महिना.

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु डॉक्टर मंडळी जे सांगतात ते आपल्या शेतकरी घराच्या रोजच्या कामात कसं बसवावं, एवढं या लेखात मांडत आहोत. उदाहरणादाखल पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो, तो आजार घेऊ.

१) स्वभाव कोणता, आजार कोणता?

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. हातपाय जातात ते आपल्याला दिसतं. पण राग आवरण्याची, बोलण्याची, समजून घेण्याची ताकदही कमी होऊ शकते, ते दिसत नाही. शांत माणूस ताट भिरकावू लागतो, कारण नसताना रडतो. पक्षाघातानंतर साधारण तीन रुग्णांत एकाला उदासीनतेचा आजार होतो आणि त्यावर औषध आहे. म्हणून "आता यांचा स्वभावच असा झालाय" असं म्हणून सोडून न देता पुढच्या तपासणीला ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. रुग्णासमोर सांगायला अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावी.

चिडचिड अचानक सुरू झाली तर मात्र थांबू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तो भलतंच बोलू लागला, तर रक्तातील साखर उतरली असण्याचा संभव असतो. तो शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी. पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्यावी व डॉक्टरांना कळवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा.

२) सांभाळणाऱ्याची तपासणी

खोडव्याला खत न घालता नुसतं उत्पन्न घेत राहिलं तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. माणसाचंही तसंच आहे. रुग्णाला दवाखान्यात नेतो त्याच दिवशी आपलाही रक्तदाब मोजून घ्यावा. दोन-तीन वेळा मोजून तो १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल तर उपचार हवेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारावे. आपल्या गोळ्या चालू असतील तर त्या रुग्णाच्या गोळ्यांशेजारीच ठेवाव्यात. त्याला देताना आपली घ्यायची राहणार नाही. आणि उरलंसुरलं खाण्याची सवय मोडावी. त्याचं जेवण झालं की आपलं ताट वाढून, बसून जेवावे.

३) झोप

सगळ्यात जास्त नुकसान झोपेचं होतं. रुग्ण रात्री तीनदा उठवतो, आणि त्याच आठवड्यात लाईट रात्रीची असली तर उसाला पाणी धरायलाही जायचं. सलग चालणारी मोटार जळते. तेव्हा पाण्याची पाळी जशी ठरवून लावतो तशी रात्रीचीही लावावी. मुलगा, सून, भाऊ, जो कोणी असेल त्याला आठवड्यातल्या दोन रात्री नेमून द्याव्यात. "जमेल तेव्हा ये" असं सांगितलं की कोणी येत नाही. वार ठरवला की येतात. रात्रीच्या पाण्याच्या आठवड्यात पाण्याला गडी लावावा किंवा भावकीशी पाळी बदलावी. घरात दुसरं कोणी नसेल तर दुपारी रुग्ण झोपला की त्याच वेळी आपणही आडवं व्हावं. भांडी पळून जात नाहीत.

४) पाठ

रुग्णाला उचलताना कंबरेत वाकू नये. गुडघ्यात वाकावे, त्याला अंगाजवळ घ्यावे आणि पायांच्या जोरावर उठावे. खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवावी, म्हणजे तो स्वतःही जोर लावतो. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. हे एकट्याचं काम नव्हे.

५) शब्दाला शब्द

आजारी माणूस वेडंवाकडं बोलला की उत्तर द्यायची इच्छा होतेच. पण आवाज चढवून काही साधत नाही. एकदाच हळू आवाजात सांगावे, "आत्ता मी बाहेर जातो, दहा मिनिटांनी येतो," आणि खरोखर दहा मिनिटांनी यावे. मानसिक आजारात कोणी मनात नसलेला संशय धरला तर तो खोटा आहे हे पटवत बसू नये, आणि हो ला हो देखील म्हणू नये. "तुला भीती वाटते आहे, मी इथं आहे," एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. आजारामुळे राग येतो हे समजून घ्यावे, पण मार खाणे हा सेवेचा भाग नाही. अंगावर हात पडत असेल तर आधी त्या खोलीतून बाहेर पडावे, शेजाऱ्याला हाक मारावी, ११२ ला फोन करावा. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही आहे. नवरा दारू पिऊन मारतो त्याला "आजार" म्हणून झाकत बसू नये. दारूचं व्यसन हा आजार आहेच, त्यावर उपचारही आहेत, परंतु मारहाण सोसल्याने तो बरा होत नाही.

६) मनाचं ओझं

"हा एकदाचा सुटला तर बरं," असा विचार सांभाळणाऱ्याच्या मनात येऊन जातो आणि मग तो स्वतःला पापी समजतो. असा विचार थकव्यातून येतो. त्याने माणूस वाईट ठरत नाही. मात्र दोन आठवडे सतत उदास वाटणे, झोप-भूक उडणे, कशातच मन न लागणे, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणे ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणं आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागात जाता येते. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन या नावाने सभा भरतात. तिथे आपल्यासारखीच माणसं भेटतात.

आणि आमच्या खात्याशी संबंधित सूचना: कीटकनाशक व तणनाशक घरात, पलंगाखाली, देवळीत ठेवू नये. शेडमध्ये पेटीत कुलूप लावून ठेवावे. लागेल तेवढेच आणावे. निराशेचा तो क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळी हाताशी विष नसलं तर जीव वाचतो. हे रुग्णाला लागू आहे तसं सांभाळणाऱ्यालाही आहे. ज्याचं मन खचलं आहे त्याच्याकडे किल्ली नसावी.

७) भावकीने व शेजाऱ्यांनी काय करावे?

भेटायला जाल तेव्हा नुसतं "काळजी घ्या" म्हणून उठू नये. तासभर रुग्णाजवळ बसावे आणि घरच्या माणसाला बाहेर पाठवावे. बाजार, देऊळ, माहेर, कुठंही जाऊ द्यावे. तोडणीची पाळी कोणासाठी मोडता येत नाही. परंतु घरी असं आजारपण असेल तर गट ऑफिसला आधी सांगून ठेवावे. टोळी साधारण कोणत्या आठवड्यात येईल याचा अंदाज घेऊन त्या दिवसांत रुग्णाजवळ कोण बसणार ते ठरवता येते.

आजारी माणसाचा आधार म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस. तो आडवा झाला तर घरात दोन अंथरुणं पडतील. म्हणून स्वतःची गोळी, स्वतःचं जेवण आणि स्वतःची झोप याला आपमतलबीपणा समजू नये. रुग्णाच्या सेवेतलं ते पहिलं काम आहे, आणि ते आजपासूनच सुरू करावे.