दारू सोडायची तर किनाऱ्यावर: उपचार कुठे, कसा आणि कसा ओळखायचा



आजचा पाठ जरा वेगळा आहे. जेटीवर आपण ज्या गोष्टीवर हसतो आणि घरी गेल्यावर जिच्याबद्दल गप्प बसतो, त्या दारूच्या उपचाराबद्दल बोलूया. शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा.

*बोटीवर काय होतं?*

रोज पिणारा खलाशी चार-पाच दिवसांच्या फेरीला निघतो. तांडेल सांगतो, बोटीवर बाटली चालणार नाही. नियम बरोबरच आहे. पण शरीराला सवय लागलेली असते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. असा माणूस रात्री डेकवर एकटा फिरला तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

सोबतचे म्हणतात, "नाटक करतोय" नाहीतर "काहीतरी लागलंय त्याला". तसं काही नसतं. दारू अचानक तुटल्यामुळे होणारा हा आजार आहे, आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत काही दिवसांच्या गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व दिलं की बहुतेकांचा हा त्रास आटोक्यात येतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने दारू सोडायची ती किनाऱ्यावर, डॉक्टरांना सांगून.

बोटीवर फिट आलीच तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, तोंडात काहीही घालू नका. फिट थांबल्यावरही त्याला एकटं सोडू नका. वायरलेसवर किनाऱ्याला कळवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

*उपचार पोचतो किती जणांपर्यंत?*

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळाला तो १८० जणांमागे एकाला. बाकीचे काय करतात? शपथ घेतात, गंडा बांधतात, नाहीतर घरचे चहातून गुपचूप औषध देतात. हे शेवटचं तर अजिबात करू नका. त्यातली काही औषधं पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो.

*शेजारच्या गोव्याने काय करून दाखवलं?*

गोव्यातल्या 'संगात' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. ताप-खोकल्यासाठी आलेल्या पुरुषांना दारूबद्दल दहा साधे प्रश्न विचारले. पिणं घातक पातळीवर गेलेल्या ३७७ जणांना निवडलं. निम्म्यांना नेहमीचा उपचार, निम्म्यांना त्यासोबत जास्तीत जास्त चार वेळा समुपदेशन. समुपदेशक म्हणजे मोठे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली गावातलीच साधी माणसं होती. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी आधीच्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, उपचार जवळच्या दवाखान्यात आला तर माणूस येतो. दुसरी दर्जाची: समुपदेशकांची संभाषणं रेकॉर्ड करून, एकमेकांची ऐकून चुका सुधारल्या जात होत्या. जादू मात्र नव्हती. घरातल्या मारहाणीत तीन महिन्यांत फरक दिसला नाही. आणि पूर्ण आहारी गेलेल्यांसाठी हा प्रयोग नव्हताच, त्यांना वेगळे वैद्यकीय उपचार लागतात.

*पुण्याचं मुक्तांगण*

२९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक हात दिला. तिथे राहून घ्यायचा उपचार ३५ दिवसांचा. व्यसनातून बाहेर आलेले तिथे कार्यकर्ते होतात, बायकोसाठी वेगळा गट असतो, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा चालतो. पाठपुरावा महत्त्वाचा, कारण पुन्हा प्यायला म्हणजे सगळं फुकट गेलं असं नाही. साखर वाढली म्हणून मधुमेही माणसाला आपण टाकून देत नाही ना?

*केंद्र निवडताना विचारा*

१. नोंदणी आहे का? कागद दाखवा म्हणा.
२. डॉक्टर कधी येतात? पहिल्या आठवड्यात रात्री फिट आली तर काय व्यवस्था?
३. घरच्यांना भेटता, फोनवर बोलता येतं का?
४. मारहाण, साखळी, कोंडून ठेवणं? असं दिसलं तर तिथून परत फिरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही येतो, आणि त्यात साखळीला सक्त बंदी आहे.
५. घरी सोडल्यानंतर पुढे काय?

*आपण काय करू शकतो?*

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणजे ६१ दिवस. ३५ दिवसांचा उपचार त्यात बसतो आणि वर जवळपास महिना पाठपुराव्याला उरतो. हंगाम बुडत नाही, वाटा बुडत नाही. फक्त नाव मेमध्येच घालायला हवं, जूनच्या पावसात ठरवू म्हटलं की राहून जातं. नाखवांनीही एक करावं: उपचार घेऊन आलेल्याची बोटीवरची जागा राखून ठेवावी. परतल्यावर काम आहे हा भरवसा असला की माणूस टिकतो.

फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत.

हा पाठ आपल्या बोटीच्या ग्रुपवर टाका. कुणाचं नाव घेऊन टाकू नका, नुसता टाका. ज्याला वाचायचाय तो वाचेल.