ट्रोपोनिनचा आकडा आणि वडिलांची पुढची वर्षं

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ५८) दिवाळीनंतर हार्ट ॲटॅक आला. पहिल्या दवाखान्यात ट्रोपोनिन ०.९ होतं, दुसऱ्या दवाखान्यात अँजिओप्लास्टीनंतर ४२०० निघालं. घरचे सगळे हादरले. आता ओळखीचे लॅबवाले म्हणतात, रक्ताचं एक पॅकेज करून घ्या, पुढे काय होणार ते आधीच कळेल. खरंच कळतं का? — एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आधी आकड्यांची धास्ती कमी करू. ०.९ हा आकडा बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहे आणि ४२०० प्रति लिटरमध्ये. ०.९ चे लिटरला ९०० होतात. म्हणजे वाढ हजारो पटींची नव्हे, साडेचार-पाच पटींची. तीही दोन्हीकडे एकाच जातीचं ट्रोपोनिन मोजलं असेल तर. ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. रिपोर्टवर आकड्यापुढचं एकक बारीक अक्षरात छापायची लॅबवाल्यांची सवय कधी सुटणार कोण जाणे.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशी मेल्या की ते रक्तात उतरतं. दोन-तीन तासांत दिसू लागतं, साधारण पहिल्या दिवसात शिगेला पोचतं आणि आठवडाभर किंवा त्याहून जास्त रेंगाळतं. स्नायू जास्त मेला की आकडा मोठा, हे ढोबळमानाने खरं. पण अँजिओप्लास्टीने बंद रक्तवाहिनी उघडली, की अडकून पडलेलं ट्रोपोनिन रक्ताबरोबर एकदम बाहेर येतं आणि आकडा उसळतो. तेव्हा उंच आकडा म्हणजे वाईट बातमीच, असं नाही. मूत्रपिंडं अधू असतील तरी तो चढा राहतो.

पुढच्या दिवसांबद्दल जास्त बोलतं ते एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ती बीएनपी नावाचं संप्रेरक सोडते आणि त्याच्याबरोबर हा तुकडाही रक्तात येतो. (बीएनपी १९८८ मध्ये जपानी संशोधकांना पहिल्यांदा सापडलं ते डुकराच्या मेंदूत!) ॲटॅकनंतर ते बरंच वाढलेलं असेल, तर हृदय निकामी होण्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मात्र वय वाढलं की तेही वाढतं, आणि स्थूल माणसात कमी दिसतं. वडिलांना सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल, तर नुसतं बीएनपी मोजू नका. त्या गोळीने ते वाढतं. एनटी-प्रोबीएनपीच करा.

सीआरपी शरीरातला दाह दाखवतं. २०१७ च्या कँटॉस अभ्यासात, आधी ॲटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढं असलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये दाह कमी करणारं औषध तपासलं, तेव्हा ते घेणाऱ्यांचे पुढचे झटके थोडे घटले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. शिवाय ॲटॅकनंतरच्या दिवसांत सीआरपी वाढलेलंच असतं; साध्या तापानेही वाढतं. तेव्हा घाईने केलेल्या सीआरपीला फारसा अर्थ नाही.

आता पॅकेजबद्दल. दाखल होताना रुग्णाचा धोका जोखायला डॉक्टर 'ग्रेस' नावाचं गणित वापरतात. त्यात आठ गोष्टी येतात : वय, नाडी, रक्तदाब, फुफ्फुसांत पाणी साचलंय का, ईसीजीतला बदल, येताना हृदय बंद पडलं होतं का, क्रिएटिनिन आणि ट्रोपोनिनसारखी खूण. रक्तातल्या गोष्टी आठांपैकी दोनच, आणि त्यातलं क्रिएटिनिन कोणत्याही साध्या लॅबमध्ये होतं. बाकीचं स्टेथोस्कोप, ईसीजी आणि रक्तदाबाच्या यंत्रावर निघतं. शिवाय 'धोका वीस टक्के' याचा अर्थ तुमच्या वडिलांसारख्या शंभर माणसांत सुमारे वीस जणांना त्रास होईल, एवढाच. त्या वीसांत वडील असतील का, हे कोणतीही लॅब सांगू शकत नाही. माझ्या मते या पॅकेजवर पैसे घालवू नका. इको, क्रिएटिनिन, साखर, एलडीएल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर एनटी-प्रोबीएनपी, एवढं पुरे. यातलं एलडीएल औषधाने खाली आणता येतं. ॲटॅकनंतर ते ५५ च्या खाली ठेवायचा सल्ला आहे.

परिणाम ठरवणारी एक मोठी गोष्ट रक्तात दिसतच नाही, ती म्हणजे उशीर. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या भारतीय अभ्यासात वीस हजारांवर रुग्ण होते. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्य कालावधी होता ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास! करमाळ्याकडच्या माणसाला सोलापूर शंभराहून जास्त किलोमीटर पडतं. त्यात 'ॲसिडिटी असेल' म्हणत घरी काढलेले दोन-तीन तास वेगळेच. आणि छातीत कळ आल्यावर लगेच केलेलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं, तरी निर्धास्त होऊन घरी परतू नका. काही तासांनी ते पुन्हा करावं लागतं.

एक चाचणी मात्र तुम्ही स्वतःची करून घ्या : लायपोप्रोटीन-ए. रक्तातलं त्याचं प्रमाण आनुवंशिक असतं, आहाराने फारसं बदलत नाही, म्हणून चाचणी आयुष्यात एकदा केली तरी सहसा पुरते. प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या वर आलं, तर रिपोर्ट आणि वडिलांची फाईल घेऊन डॉक्टरांना भेटा. तोवर वडिलांच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, आणि घरात बिडी-तंबाखू चालू असेल तर ती आजच बंद करा.